वेळेचा साक्षीदार



आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, लंबकाचं एक जुनं घड्याळ होतं. आमचे सर रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या 'पिप-पिप' आवाजावर आपलं मनगटी एचएमटी लावत, शाळेत आल्यावर ते त्या लंबकाच्या घड्याळासमोर धरत आणि खिशातून छोटी वही काढून तीत एक आकडा लिहीत. डिसेंबरात अधिक चार, अधिक पाच. मार्च-एप्रिलची उन्हं तापली की उणे तीन. उन्हाने लंबकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मंदावतं, हे आम्ही धड्यात वाचण्याआधी त्या वहीत पाहिलं होतं. घड्याळाचा काटा मात्र सर रोज हलवत नसत. शनिवारी चावी देतील तेव्हाच काय तो फिरवत. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, चुकतंय हे दिसतंय, मग लगेच का नाही लावत?" सर म्हणाले, "अरे, किती चुकतं ते मला ठाऊक आहे. रोज लावत बसलो तर तेवढंही कळणार नाही."

पुढे मी नेटवर्कच्या कामात पडलो आणि ती वही विसरलो. मग एके रात्री एका लिनक्स सर्व्हरवर घड्याळाच्या प्रोग्रामची 'ड्रिफ्ट फाइल' उघडली. तीत एकच ओळ होती आणि त्या ओळीत एकच आकडा: २१.४३७. या यंत्राच्या घड्याळाच्या चालीत दहा लाखांमागे एवढा फरक आहे, असं तो प्रोग्राम स्वतःसाठी टिपून ठेवत होता. मला सरांचं अक्षर आठवलं. म्हणून आज त्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहताना दुसरा कोणताही विषय सुचला नाही. संगणकांच्या जाळ्याने वेळ कुणाला विचारावी, आणि सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, याबद्दल मी बोलणार आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने मला बोलावलं. एका वयस्क बाईंची मुदत ठेव त्यांच्या नकळत मोडली गेली होती. सर्व्हरच्या नोंदीत वेळ होती दुपारी १ वाजून ४२ मिनिटं, आणि लॉगिन होतं एका तरुण क्लार्कचं. व्यवस्थापकांनी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. १ वाजून ४२ मिनिटांनी तो मुलगा आपल्या खुर्चीवर बसलेला दिसत होता, एकटाच, हात कीबोर्डवर. तो कळवळून सांगत होता की मी तेव्हा मागच्या खोलीत डबा खात होतो, आणि संगणक तसाच उघडा ठेवून गेलो ही माझी चूक झाली. पण चित्र समोर असताना त्याचं कोण ऐकणार? त्याला घरी बसवलं होतं. गाव लहान, बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती.

मी ते चित्रण सकाळपासून पाहायला घेतलं. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या घड्याळात १ वाजून १० मिनिटं झाली असताना छतावरच्या ट्यूब एकदम विझल्या आणि काही सेकंदांनी एकेक करून पुन्हा लागल्या. लाइट गेली होती, इन्व्हर्टरने उचललं होतं. सर्व्हर ज्या यूपीएसवर होता त्याचं सॉफ्टवेअर वीज गेल्याची नोंद ठेवायचं. मी ती नोंद उघडली. त्या दुपारी वीज एकदाच गेली होती, आणि सर्व्हरच्या घड्याळाने तेव्हा १ वाजून २९ मिनिटं झाली होती. एकाच क्षणाला एक यंत्र १:१० म्हणत होतं आणि दुसरं १:२९. एकोणीस मिनिटांचा फरक. म्हणजे ठेव मोडली त्या क्षणाचं चित्र पाहायचं तर डीव्हीआरवर १:४२ नव्हे, १:२३ काढायला हवं होतं. तिथे खुर्चीवर दुसरंच कुणीतरी होतं.

एवढ्याने काम भागलं नाही. व्यवस्थापकांनी विचारलं, आणि बरोबर विचारलं, की या दोन घड्याळांपैकी खरं कोणतं? जुळवाजुळवीला फरक पुरतो, पण कागदावर खरी वेळ लिहावी लागते. दोघांत वाद असेल तर तिसरा लागतो. तिसरा साक्षीदार त्या बाईंच्या नातवाच्या मोबाइलमध्ये निघाला. ठेव मोडल्याचा एसएमएस १ वाजून ४३ मिनिटांनी आलेला होता. मोबाइल कंपनीच्या घड्याळाचा पतसंस्थेच्या सर्व्हरशी काही संबंध नव्हता, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं. सर्व्हर खरा ठरला, डीव्हीआर एकोणीस मिनिटं मागे ठरला. तो मुलगा पंधरा दिवसांनी कामावर परतला.

एकोणीस मिनिटं मागे पडायला यंत्र बिघडावं लागत नाही, हे इथे सांगायला हवं. स्वस्त यंत्रातला क्वार्ट्झचा स्फटिक दहा लाखांत पन्नास भागांनी इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात दहा लाखांत पन्नास म्हणजे रोज सुमारे ४.३ सेकंद. या चालीने एकोणीस मिनिटं मागे पडायला नऊ महिनेही पुरे होतात. कुणी काही केलं नाही तरी होतं. उलट, कुणी काही करत नाही म्हणूनच होतं. अशा नोंदी न्यायालयातही पुरावा म्हणून जातात. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्यानुसार फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण फाइल नंतर बदललेली नाही, एवढंच हॅश सांगतो. नोंद झाली त्या क्षणी घड्याळ काय म्हणत होतं आणि ते खरं होतं का, हे हॅशला कळत नाही.

आपल्याकडे लग्नात काही ठिकाणी अजून घटिकापात्र मांडतात. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती चोवीस मिनिटांत भरून बुडते. 'घटका भरली' हे आपण सहज बोलून जातो ते त्या वाटीचं बोलणं आहे. पण वाटी पहिल्यांदा पाण्यावर कधी सोडायची, हे वाटी सांगत नाही. त्यासाठी सूर्याच्या उगवण्या-मावळण्याकडे पाहावं लागतं. संगणकातला स्फटिकही तसाच आहे. तो मोजतो, आणि मोजण्यात थोडा चुकतो. आत्ता किती वाजले हे त्याला बाहेरूनच कुणीतरी सांगावं लागतं.

मग सांगणारा कोण? आपल्या देशात ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिथे सीझियमची आणि हायड्रोजन मेसरची घड्याळं चालतात. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमवर बसवली आहे: त्या अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. दिल्लीच्या घड्याळांची मापं पॅरिसजवळच्या सेव्र गावी आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात जातात. जगभरच्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांतून, चारशेहून अधिक अणुघड्याळांची मापं तिथे येतात, त्यांची सरासरी काढली जाते, भरवशाच्या घड्याळाला जास्त वजन दिलं जातं, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक प्रयोगशाळेला तिचं घड्याळ किती नॅनोसेकंद चुकलं ते कळवलं जातं. जगाची वेळ जिला आपण यूटीसी म्हणतो, ती कोणत्याही एका भिंतीवर टांगलेली नाही. ती मागाहून, अनेकांच्या साक्षी एकत्र करून, गणिताने काढतात. सेव्रहून निघणारं ते मासिक पत्रक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुन्हा सरांची वही दिसली, फक्त जगाएवढी मोठी.

प्रयोगशाळेतली वेळ आपल्या सर्व्हरपर्यंत आणणारी व्यवस्था म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी तो घडवला. १९८५ साली त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता आणि उतारवयात दृष्टी पूर्ण गेली, तरी घड्याळांवरचं काम त्यांनी सोडलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. या सभागृहातल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमागे कुठेतरी त्यांचं काम चालू आहे, म्हणून त्यांचं नाव आदराने घेतो.

या पद्धतीतली मूळ युक्ती कागदावर मांडता येते. समजा माझं घड्याळ १०० मिलिसेकंद मागे आहे, पण मला ते माहीत नाही. मी माझ्या घड्याळाने शून्याला प्रश्न पाठवला. वाटेत २० मिलिसेकंद गेले, तेव्हा सर्व्हरच्या खऱ्या घड्याळात १२० झाले होते. त्याने १२१ ला उत्तर धाडलं. परत यायला आणखी २०. माझ्या घड्याळात तेव्हा ४१. आता चारही आकडे माझ्या हातात आहेत. जाताना फरक दिसतो १२०, येताना दिसतो ८०. दोन्हींच्या बेरजेचं निम्मं शंभर. माझं घड्याळ शंभरने मागे आहे हे कळलं, आणि वाटेला एकंदर चाळीस लागले हेही कळलं. पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: जाण्याची वाट आणि येण्याची वाट सारखी. जाताना १० आणि येताना ३० लागले, तर हेच गणित मला ९० सांगेल, आणि ते दहाने चुकलंय हे आकड्यांत कुठेही दिसणार नाही. चूक जास्तीत जास्त किती? एकंदर प्रवासाच्या निम्मी. म्हणून प्रवास जितका कमी, तितकी चूक दडायला जागा कमी. वेळेचा सर्व्हर निवडताना जवळचा निवडा असं म्हणतात ते यासाठी. जवळ म्हणजे नकाशावर नव्हे. जाळ्याच्या वाटेने जवळ. तुमच्या सेवादात्याचा रस्ता फिरून जात असेल तर शेजारच्या गल्लीतला सर्व्हरही लांबचा ठरतो.

एनटीपीत प्रत्येक सर्व्हर आपली पायरी सांगतो. अणुघड्याळ किंवा उपग्रहाचं ग्राहकयंत्र ही शून्य पायरी, त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, आणि सोळा म्हणजे "माझी वेळ जुळलेली नाही" अशी कबुली. पहिल्या पायरीचा सर्व्हर म्हणजे उत्तम सर्व्हर अशी समजूत फार पसरली आहे. पायरी फक्त अंतर सांगते. शिवाय ती प्रत्येक जण स्वतःच सांगतो. गच्चीवर अँटेना लावून कुणीही पहिल्या पायरीवर बसू शकतो.

म्हणून एकाला विचारून थांबू नये. एकच सर्व्हर असेल तर तो म्हणेल ती पूर्व दिशा. दोन असतील आणि ते भांडले, तर आपण मधल्यामध्ये अडकतो. पतसंस्थेत माझी तीच गत झाली होती. तीन असले की बहुमत होतं. पण तिघांतला एक बंद पडला की पुन्हा दोनच उरतात, म्हणून निदान चार ठेवावेत असा या क्षेत्रातला जाणता सल्ला आहे. एनटीपीचा प्रोग्राम प्रत्येकाने सांगितलेल्या वेळेभोवती शंकेचा एक पट्टा आखतो आणि जास्तीत जास्त पट्टे जिथे एकमेकांवर येतात ती जागा धरतो. कीथ मार्झुलो यांनी १९८४ साली मांडलेल्या रीतीवर हे बेतलं आहे. जो त्या जागेच्या बाहेर पडला तो खोटा साक्षीदार म्हणून बाजूला होतो.

इथे एक गफलत होते, आणि ती मी स्वतः केली आहे. मी एका ठिकाणी चार सर्व्हर लावले आणि निश्चिंत झालो. पुढे लक्षात आलं की चौघेही एकाच संस्थेच्या एकाच यंत्रणेकडून वेळ घेत होते. चार तोंडं, पण साक्ष एकच. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेतले 'टिक' आणि 'टॉक' हे दोन नामांकित सर्व्हर जवळजवळ तासभर सन २००० सांगत राहिले. बारा वर्षं मागे! ज्यांनी त्या दोघांनाच आपले साक्षीदार केलं होतं, त्यांच्या संगणकांनी मुकाट ऐकलं, लोकांची लॉगिनं अडली, फोनप्रणाली अडखळल्या. ज्यांच्याकडे वेगळ्या घरचे आणखी दोन-तीन सर्व्हर होते, त्यांना दुसऱ्या दिवशी बातमीतच कळलं.

उपग्रहांबद्दलही हेच म्हणायचं आहे. छतावर जीपीएसचं ग्राहकयंत्र बसवलं की प्रश्न मिटला, असं विकणारे सांगतात. यंत्र चांगलं असतं, सूक्ष्म असतं, मी स्वतः बसवतो. पण २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना यंत्रणेत चुकीची नोंद शिरली, आणि अनेक उपग्रह यूटीसीची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची सांगू लागले. १३ मायक्रोसेकंद म्हणजे प्रकाशाला जेमतेम चार किलोमीटर जायला लागणारा वेळ, पण तेवढ्याने ब्रिटनमधलं डिजिटल रेडिओप्रसारण विस्कटलं. जीपीएसचा आठवड्यांचा मूळ मोजक १०२४ ला संपून पुन्हा शून्यावर येतो; १९९९ आणि २०१९ मध्ये तसं झालं, आणि काही जुन्या यंत्रांच्या तारखा वीस वर्षं मागे गेल्या. 'नाविक' या आपल्या देशाच्या उपग्रहमालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. ती आयात केलेली होती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या त्याच मालिकेतल्या उपग्रहावर पहिल्यांदा आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ गेलं. मला याचा मनापासून अभिमान आहे. तरीही मी सांगेन की ग्राहकयंत्र घ्याल तर एकाहून अधिक उपग्रहमालिका ऐकणारं घ्या, आकाशातला आवाज बंद झाला तरी काही तास-दिवस चाल टिकवणारा चांगला दोलक त्यात असू द्या, आणि जमिनीवरून येणारी साक्षही ठेवा. आकाशातून येणारा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की जवळचं एखादं छोटं प्रक्षेपकयंत्र त्याला दाबू शकतं, नाही तर त्याची नक्कलही करू शकतं.

कुणाची वेळ मानायची हा प्रश्न नुसत्या तंत्राचा कधीच नव्हता. मुंबईकरांना हे सांगायला नको. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईच्या महापालिकेने ती नाकारली. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. अर्धं शतक या शहरात वेळ सांगताना ती कोणती हेही सांगावं लागे. सूर्याच्या हिशोबाने मुंबईचं म्हणणं चूक नव्हतं; मुंबई पश्चिमेला आहे, तिचा मध्यान्ह उशिराच होतो. पण आगगाडी एका वेळेवर आणि गिरणीचा भोंगा दुसऱ्या वेळेवर, अशी ती जीवघेणी ओढाताण होती.

आजचा याचा अवतार म्हणजे सर्ट-इन या सरकारी संगणकसुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. सेवादाते, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी कार्यालयं या सगळ्यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्यापर्यंत वंशावळ पोचते अशा सर्व्हरांशी जुळवावीत, असं त्यात आहे. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे त्यांना दुसरे अचूक स्रोत वापरता येतात, पण या दोघांपासून ढळता येत नाही. सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरांची नावं 'समय-१' आणि 'समय-२' अशी आहेत. मी या निर्देशाच्या बाजूचा आहे. दोन शहरांतल्या दोन बँकांच्या नोंदी शेजारी ठेवून गुन्हा उलगडायचा असेल, तर दोन्हींची वंशावळ एका घरी पोचायलाच हवी. आता अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथल्या वैधमापनाच्या प्रयोगशाळांतूनही प्रमाणवेळ देण्याचं काम हाती घेतलं आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे आला. साक्षीदार वाढताहेत, तेही वेगवेगळ्या गावांत. हे फार चांगलं आहे.

पण निर्देश पाळण्याची जी पद्धत मी पाहतो तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. एका ओळीत दिल्लीच्या सर्व्हरचं नाव टाकलं, तपासणीच्या कागदावर खूण झाली, संपलं. किंवा त्याच्या उलट: कार्यालयातला प्रत्येक संगणक, प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक छपाईयंत्र थेट दिल्लीला विचारतं. २००३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरचं असंच झालं. एका कंपनीने घरगुती राउटरांत त्याचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता, आणि उत्तर आलं नाही की ते राउटर दर सेकंदाला विचारत. सर्व्हरवर सेकंदाला लाखांनी प्रश्न कोसळू लागले. सार्वजनिक विहीर सगळ्यांची असते म्हणून प्रत्येकाने तीत आपापला पंप टाकायचा नसतो. आपल्या घरात दोन-तीन सर्व्हर नेमावेत, त्यांनी बाहेरच्या चार-पाच स्वतंत्र स्रोतांना विचारावं, आणि बाकी घरच्या यंत्रांनी घरच्यांनाच विचारावं.

आता सुरक्षेकडे येतो.

साधा एनटीपी म्हणजे पोस्टकार्ड आहे. वाटेतल्या कुणीही वाचावं, खोडावं, बदलावं. २०१५ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दूर बसूनही एखाद्याचं घड्याळ मागे नेता येतं किंवा त्याचं वेळ विचारणंच बंद पाडता येतं. घड्याळ बिघडवून कुणाला काय मिळणार, असं वाटेल. पण मुदत संपलेलं, चोरीला गेलेलं संकेतस्थळाचं डिजिटल प्रमाणपत्र घड्याळ मागे नेलं की पुन्हा खरं ठरतं. फोनवरच्या ॲपमधला, दर तीस सेकंदांनी बदलणारा लॉगिनचा आकडा घड्याळावरच चालतो. कार्यालयांतलं लॉगिन ज्या कर्बेरोसवर चालतं, त्याला नेहमीच्या मांडणीत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. घड्याळ सहा मिनिटं ढकललं की सगळं कार्यालय दाराबाहेर. आणि चोराला सगळ्यात मोलाचं हे, की नोंदींच्या वेळा विस्कटल्या म्हणजे त्याच्या पावलांचा क्रमच लावता येत नाही. त्या क्लार्कच्या बाबतीत घड्याळ आपोआप मागे पडलं होतं. ते कुणी मुद्दाम, हवं तेवढंच, पाडलं असतं तर? मी ट्यूब विझण्यावर जो भरवसा ठेवला, तो कशावर ठेवला असता?

याला उत्तर म्हणून २०२० साली नेटवर्क टाइम सिक्युरिटी, म्हणजे एनटीएस, हे मानक आलं. सुरुवातीला आपण ज्या पद्धतीने बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटवतो त्याच पद्धतीने वेळेच्या सर्व्हरची ओळख पटवायची, किल्ल्यांची देवाणघेवाण करायची, आणि त्यानंतर प्रत्येक उत्तरावर लाख लावून मोहोर उठवायची. उत्तर सर्व्हरकडूनच आलं आणि वाटेत बदललं नाही, याची खात्री पटते. स्वीडनमधली नेटनॉड, जर्मनीची राष्ट्रीय मापन संस्था, क्लाउडफ्लेअर यांचे असे सर्व्हर कुणालाही वापरता येतात. यात एक गंमतीदार पेच आहे, आणि तो प्रत्यक्ष काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटतो: प्रमाणपत्र मुदतीत आहे का हे पाहायला वेळ माहीत हवी, आणि वेळ मिळवायची तर आधी प्रमाणपत्र पटायला हवं. म्हणून यंत्रातल्या त्या नाण्याएवढ्या बॅटरीची काळजी घ्या. तारीख बरोबर असली तरी आत शिरायला पुरते. सेकंद नंतर जुळवता येतात.

पण मोहोर म्हणजे सत्य नव्हे. २०१२ साली त्या वेधशाळेच्या उत्तरांवर मोहोर असती, तर आपल्याला रीतसर मोहोरबंद सन २००० मिळालं असतं. मोहोर सांगते की बोलणारा तोच आहे. तो चुकत नाहीये हे कळायला इतर साक्षीदार लागतात. उलट, मोहोर नसलेले दहा साक्षीदार एकच लबाड वाटेत बसून पढवू शकतो. त्यामुळे ओळखही हवी आणि संख्याही हवी, आणि त्या संख्येतले एकमेकांना न ओळखणारे हवेत. मला आज जे सांगायचं होतं ते एवढंच आहे. बाकीचं त्याच्या आजूबाजूचं बोलणं झालं.

सगळे साक्षीदार खरे असूनही कधीकधी भांडतात, म्हणून लीप सेकंदाचा उल्लेख करायला हवा. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला १९७२ पासून सत्तावीस वेळा यूटीसीत एक सेकंद घातला गेला. शेवटचा २०१६ च्या अखेरीस; आपल्याकडे तेव्हा नव्या वर्षाच्या सकाळी साडेपाच वाजायचे होते. काही मोठ्या कंपन्या हा सेकंद एकदम न घालता चोवीस तासांत पातळ पसरतात. त्यांचे सर्व्हर आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांचे सर्व्हर एकाच यादीत मिसळले, तर त्या दिवशी तुमचे साक्षीदार अर्ध्या सेकंदापर्यंत एकमेकांशी भांडतील, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतील. सन २०३५ पर्यंत ही सेकंद घालण्याची रीत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे. तोवर यादी करताना स्रोताची रीत विचारून घ्या.

त्या पतसंस्थेत आता दोन छोटे सर्व्हर आहेत. ते दिल्लीच्या दोन्ही संस्थांना आणि बाहेरच्या आणखी तिघांना विचारतात, त्यांतल्या दोघांना मोहोरेसह. आतले संगणक आणि कॅमेरे फक्त या दोघांना विचारतात. घड्याळ पुढे गेलं असलं तर ते एकदम मागे ओढलं जात नाही, चाल किंचित कमी करून हळूहळू जुळवलं जातं, म्हणजे नोंदींत एकच मिनिट दोनदा येत नाही. हे सगळं लावून झाल्यावर मी तिथल्या लोकांना सांगितलं की दर सोमवारी कार्यालय उघडल्यावर मोबाइलवर सेकंदांचं घड्याळ लावून तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि पडद्यावरचा फरक लिहून ठेवा. यंत्र सांगतं की मी जुळलेलो आहे. ते डोळ्यांनी पाहायची सवय राहू द्या.

हे काम त्याच मुलाने मागून घेतलं. मागच्या महिन्यात मी तिकडून जाताना आत डोकावलो, तेव्हा त्याने टेबलाच्या खणातून वही काढून दाखवली. रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, कॅमेरा, फरक, सही. शून्य, शून्य, एक, शून्य. मध्ये एका सोमवारी तीन नंबरच्या कॅमेऱ्यापुढे 'उणे ४०' लिहिलं होतं आणि बाजूला लाल शाईत, "केबल निघाली होती, लावली. बुधवारी पुन्हा पाहिलं, ०."